पतंगांच्या सहवासात दोन रात्री

पतंग आणि दिवा ही जोडी आपल्या वाङ्मयाला फार जुन्या काळापासून परिचित आहे. गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूपाच्या मुखात शिरणाऱ्या वीरांना ज्वालेकडे धावणाऱ्या पतंगांची उपमा दिली आहे. भागवतातील अवधूताने जे चोवीस गुरू केले त्यांतही पतंग आहे, आणि रूपाच्या मोहाने डोळ्यांदेखत नाश कसा ओढवतो हा त्याच्यापासून घ्यावयाचा धडा. फार्सी आणि उर्दू कवींनी त्याच पतंगाला ‘परवाना’ म्हणून प्रेमिकांचा मुकुटमणी केले. कोणी त्याला मूढ म्हटले, कोणी धन्य म्हटले. परंतु एका गोष्टीविषयी दोन्ही पक्षांत मतभेद नाही. पतंग दिव्याकडे येतो तो आपल्या ओढीने येतो, असे सर्वांनीच गृहीत धरले आहे. श्रोतेहो, हे गृहीत कितपत खरे आहे, याविषयी आज मला आपल्याशी बोलावयाचे आहे. सह्याद्रीतील एका खेड्यात उन्हाळ्याच्या अखेरीस घालविलेल्या दोन रात्रींनी हा प्रश्न माझ्यापुढे उभा केला.

प्रथम या प्राण्याची थोडी ओळख करून घेऊ. फुलपाखरू आणि पतंग हे एकाच गणातले भाऊबंद. फुलपाखरू बहुधा दिवसा हिंडते आणि बसताना पंख मिटून उभे धरते. पतंग बहुधा रात्री हिंडतो आणि बसताना पंख पसरून किंवा छपरासारखे उतरते ठेवतो. फुलपाखराच्या मिशांना टोकाशी गाठ असते. पतंगाच्या मिशा कधी धाग्यासारख्या, तर कधी पिसासारख्या असतात. संख्येने मात्र या भावांत बरोबरी नाही. भारतात फुलपाखरांच्या सुमारे तेराशे जाती आहेत, तर पतंगांच्या दहा हजारांहून अधिक. तरीसुद्धा कवींनी, चित्रकारांनी आणि मुलांनी आपले सारे कौतुक फुलपाखरालाच वाहिले. आपली भाषाच पाहा. घाटेअळी, बोंडअळी, लष्करी अळी, उंटअळी, सुरवंट अशी अळ्यांची नावे शेतकऱ्याच्या जिभेवर असतात. परंतु त्या अळीचा पुढे जो पतंग होतो त्याला वेगळे नाव नाही. तो नुसता ‘पाखरू’. जे नुकसान करते त्याला नाव मिळाले, आणि जे अंधारात निमूटपणे जगते ते निनावीच राहिले.

पतंग पाहावयाचे तर ऋतू नेमका निवडावा लागतो. भर वैशाखात डोंगर उघडे पडलेले असतात आणि पुष्कळ जातींचे कोश जमिनीत किंवा पानांत स्वस्थ असतात. ज्येष्ठात वळिवाच्या दोन सरी झाल्या, झाडांना कोवळी पालवी फुटली आणि हवेत दमटपणा आला, की त्यांना जाग येते. म्हणून आम्ही तिघांनी जूनच्या पहिल्या आठवड्यातील शनिवार-रविवार निवडला आणि भीमाशंकरच्या डोंगररांगेत, अभयारण्याच्या हद्दीबाहेरच्या एका वाडीत मुक्काम केला. अमावास्या जवळ आली होती. चांदणे लख्ख असेल तर दिव्यावर पतंग कमी येतात, हा या छंदातील लोकांचा नेहमीचा अनुभव आहे. वाराही पडलेला होता.

साहित्य म्हणाल तर अगदी साधे. दोन बांबू, त्यांच्यामध्ये ताणून बांधलेले पांढरे धोतर आणि त्याच्यापुढे टांगलेला एक दिवा. जंबुपार किरण देणारा दिवा असल्यास उत्तम, कारण पतंगांचा डोळा त्या किरणांना फार संवेदनशील असतो. इंग्लंडात यासाठी पेटीसारखा सापळा वापरतात. आत अंडी ठेवण्याचे पुठ्ठे अंथरलेले असतात, त्यांच्या खळग्यांत पतंग रात्रभर बसून राहतात. सकाळी पाहुण्यांची मोजदाद करावयाची आणि त्यांना सोडून द्यावयाचे. दुसरी युक्ती गुळाची. गूळ आणि पिकून काळे झालेले केळे एकत्र आंबवून त्याचा लेप झाडाच्या बुंध्याला लावला, म्हणजे दिव्याकडे न फिरकणारे काही पतंग त्या वासाने येतात. आम्ही दोन्ही प्रयोग केले. ज्यांच्या खळ्यात आमचे धोतर उभे राहिले, ते सत्तरीचे आबा एका दगडावर बसून आमची लगबग पाहत होते.

संध्याकाळ उतरू लागली तशी रानाने आपली पाळी बदलली. दिवसभर ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ म्हणून शेतकऱ्याला बजावणारा पावशा गप्प झाला. ओढ्याच्या अंगाने भेकराचे भुंकणे दोनदा ऐकू आले. ज्याने ते पूर्वी ऐकले नसेल त्याला तो कुत्राच वाटावा. मग खडकाळ उतारावरून रातव्याने एकाच लयीत ठोके द्यावयास सुरुवात केली. पलीकडच्या हिरड्याच्या झाडावर प्रथम एक, मग दहा, मग अगणित काजवे लुकलुकू लागले. आमचा दिवा पेटविण्यापूर्वी आम्ही पुष्कळ वेळ त्या झाडाकडे पाहत बसलो होतो. काजव्याचा प्रकाश म्हणजे नराने मादीला घातलेली हाक आणि तिने दिलेले उत्तर. ती हाक पोहोचावयाची तर भोवती काळोखच हवा.

दिवा लागल्यावर सर्वांआधी वाळवीचे पंखवाले किडे आणि भुंगेरे आले. त्यांच्यापाठोपाठ धोतराच्या पायथ्याशी एक भला मोठा बेडूक येऊन बसला, आणि खळ्याच्या भिंतीवरून एक पाल उतरली. फुकटच्या जेवणाची वार्ता रानात लवकर पसरते. मग हळूहळू पतंग येऊ लागले. काही वाळक्या पानासारखे, काही शेवाळलेल्या सालीसारखे. एक तर पक्ष्याच्या विष्ठेसारखा, म्हणजे कोणाही शहाण्या पक्ष्याने चोच लावू नये असा. पंख सपाट पसरून धोतराला चिकटून बसणारे नाजूक पतंग आले. यांच्याच अळ्या वीत-वीत मोजल्यासारख्या चालतात आणि म्हणून शास्त्रज्ञांनी या कुळाला भूमापनावरून नाव दिले आहे. दहाच्या सुमारास रुईकाट्यासारखा नेमका वेग असलेला, शरीराने भरीव असा एक हिरवा पतंग आला. त्याच्या पंखांवर गर्द आणि फिकट हिरव्या रंगाचे, मधूनच गुलाबी झाक असलेले पट्टे होते. याची अळी कण्हेरीची आणि तगरीची पाने खाते. कण्हेर विषारी, परंतु तिला ती बाधत नाही. शहरांतील बागांतूनही हा पतंग आढळतो. आपल्या दारच्या तगरीवर त्याची अळी आपण कदाचित पाहिलीही असेल.

मध्यरात्रीनंतर जो आला त्याने मात्र आम्हा सर्वांचे बोलणे बंद पाडले. तो चांद्रपतंग होता. फिकट पोपटी रंग, प्रत्येक पंखावर चंद्रकोरीसारखा एक डोळा, आणि मागच्या पंखांना लांब, पिळदार शेपट्या. अळी असताना तो मोईसारख्या झाडांची पाने अधाशीपणे खातो. परंतु पतंग झाल्यावर त्याला खाण्यासाठी तोंडच उरत नाही. अंगी साठलेल्या बळावर थोडे दिवस जगावयाचे, जोडीदार शोधावयाचा, अंडी घालावयाची आणि संपून जावयाचे. त्या शेपट्या केवळ शोभेच्या नाहीत. वटवाघूळ आपल्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्याचा ठाव घेते. याच कुळातील एका अमेरिकन पतंगावर केलेले प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यांत असे दिसून आले की उडताना गरगरणाऱ्या शेपट्यांमुळे वटवाघळाचा हल्ला अंगावर न होता पुष्कळदा शेपटीवर होतो. शेपटी जाते, जीव वाचतो. काही पतंगांना वटवाघळाची हाक ऐकू येण्याजोगे कान असतात आणि ती ऐकताच ते स्वतःला दगडासारखे खाली झोकून देतात. काही तर उलट टिकटिक आवाज करून वटवाघळाचा हिशेबच चुकवितात. आपण झोपलेले असताना आपल्या छपरावर हे युद्ध रोज चालते.

जोडीदार शोधण्याची त्यांची रीतही अशीच विलक्षण. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या दक्षिणेस राहणाऱ्या झां आंरी फाब्र या थोर कीटकनिरीक्षकाने मोरपतंगाची एक मादी जाळीखाली ठेवली, आणि त्या रात्री चाळीसच्या आसपास नर काळोखातून वाट काढीत त्याच्या घरात आले. मादीजवळून येणारा, माणसाच्या नाकाला मुळीच न कळणारा गंध हे त्याचे कारण होते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनांट यांनी रेशमाच्या सुमारे पाच लाख माद्या तपासून १९५९ साली असा पहिला गंध शुद्ध स्वरूपात ओळखला. आज कपाशीच्या शेतात गुलाबी बोंडअळीसाठी जे कामगंध सापळे टांगलेले दिसतात, त्यांच्या मुळाशी हेच ज्ञान आहे. बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यातील कापूसकऱ्याला किती जेरीस आणले हे मी सांगावयास नको. २०१८ साली भारतात प्रथम आढळलेल्या अमेरिकन लष्करी अळीने मक्याचीही तीच दशा केली. परंतु हजारो जातींपैकी असे उपद्रवी पतंग मोजकेच. त्या मोजक्यांच्या अपराधाची शिक्षा सर्वांना देणे न्यायाचे होणार नाही.

पहाटे चारला आम्ही दिवा मालविला. या छंदाची ही एक आवश्यक शिस्त आहे. झुंजुमुंजू होण्यापूर्वी धोतरावरील पतंग हलक्या हाताने उचलून झुडपांत, पानांखाली सोडावे लागतात. तसे न केले तर दयाळ, कोतवाल आणि बुलबुल उजाडताच त्यांचा फराळ करतात. त्यानंतर झोप अशी लागलीच नाही, कारण ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर गाऊ लागला. एखादा मुलगा रमतगमत शीळ वाजवीत शाळेला निघावा, तसे त्याचे गाणे. सकाळी रानाच्या कडेने हिंडताना जांभळीच्या शेंड्यावर शेकरू दिसले. तपकिरी-तांबूस अंग आणि झुपकेदार लांब शेपूट असलेली ही मोठी खार आपल्या राज्याचा मानाचा प्राणी आहे. गळालेल्या पानांत नवरंग पक्षी उड्या मारीत किडे टिपीत होता. पावसाच्या तोंडावर तो विणीसाठी येतो आणि त्याची दोन सुरांची शीळ रानभर घुमते. या पक्ष्यांची घरटी आणि रात्रीचे आमचे पाहुणे यांचा संबंध अगदी निकटचा आहे. पुष्कळ लहान पक्षी एरवी दाणे किंवा फळे खात असले तरी पिलांना अळ्याच भरवितात. पतंग घटले तर अळ्या घटतात, आणि अळ्या घटल्या तर घरट्यांतील चोची उपाशी राहतात.

दुसऱ्या रात्री आम्ही धोतर लावीत असताना आबा जवळ आले आणि म्हणाले, “पाव्हणं, येवढ्या लांबून ही पाखरं बघाया आलात व्हय? त्या खांबाखाली चला की. सकाळच्याला सूपभर मरून पडत्यात. सूनबाई रोज केरात लोटती.”

आम्ही त्यांच्याबरोबर गेलो. वाडीच्या तोंडाशी एक नवा, पांढराशुभ्र दिवा रात्रभर जळत होता. त्याच्या भोवती किड्यांचा ढग घोंगावत होता, आणि खाली जमिनीवर कालच्या मेलेल्यांचा थर होता. त्यांत तुटलेले पोपटी पंखही होते. मी विचारले, “आबा, हा दिवा येण्यापूर्वी इथे काजवे असत का?” त्यांनी बोट केले ते खांबाशेजारच्या आंब्याकडे. “ह्या झाडावर तर लई. आता पल्याड गेलं समदं. दिवा चांगलाच हाय म्हणा. इंचू-काट्याचं भ्या ऱ्हायलं न्हाई. पर रातभर कुणासाठी जळतो, त्ये काय कळत न्हाई.”

या साध्या उद्गारात सगळा प्रश्न सामावलेला आहे. पतंग दिव्याकडे का येतो, याचे उत्तर पुष्कळ दिवस असे दिले जाई की तो चंद्राच्या आधाराने दिशा राखतो आणि दिव्यालाच चंद्र समजून फसतो. २०२४ च्या जानेवारीत लंडनमधील आणि अमेरिकेतील काही संशोधकांनी, ज्यांत एक भारतीय तरुण शास्त्रज्ञही होता, अतिवेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेली चित्रे तपासून वेगळेच उत्तर दिले. रात्री कितीही काळोख असला तरी आकाश जमिनीपेक्षा किंचित उजळ असते. म्हणून उडणारा कीटक उजेडाकडे नेहमी आपली पाठ करतो. जिकडे पाठ तिकडे वर, असा त्याचा कोट्यवधी वर्षांचा हिशेब आहे. जवळच दिवा आला की तो दिव्याकडे पाठ वळवितो, आणि त्यामुळे दिव्याभोवती फेऱ्या घालीत राहतो. दिव्याच्या वरून गेला तर उलटा होऊन खाली कोसळतो. चित्रांत कीटक दिव्याकडे झेपावताना दिसत नाहीत. ते आपला तोल सावरण्याची धडपड करताना दिसतात. याच संशोधनात प्रयोगशाळेतील कण्हेरीचा तो हिरवा पतंग मात्र अपवाद ठरला. दिव्यासमोरही त्याने आपला तोल सोडला नाही. निसर्गात सरसकट नियम थोडेच असतात.

म्हणजे श्रोतेहो, आपल्या वाङ्मयाने पतंगावर जो मोहाचा आरोप ठेवला तो त्याच्यावर टिकत नाही, आणि प्रेमवीराचा जो मान दिला तोही टिकत नाही. तो मूढ नव्हे आणि आशकही नव्हे. वर कोठे आणि खाली कोठे हेच ज्याला कळेनासे झाले, असा तो एक वाट चुकलेला प्रवासी आहे. आणि त्याची वाट चुकविणारा दिवा आपण लावलेला आहे. अवधूताच्या गुरूकडून आणखी एक धडा घेण्याजोगा आहे, असे मला वाटते: दुसऱ्याच्या नाशाला त्याचाच मोह कारण आहे असे म्हणण्यापूर्वी आपल्या हातातील दिवा पाहावा.

या हानीचे मोल काय, असे कोणी विचारील. जेथे पतंगांची मोजणी दीर्घकाळ चालली आहे अशा ब्रिटनमध्ये १९६८ ते २०१७ या पन्नास वर्षांत मोठ्या पतंगांची एकूण संख्या सुमारे एक-तृतीयांशाने घटली. शेतीतील फेरबदल, रानांचा ऱ्हास, हवामान आणि रात्रीचे दिवे अशी तिची अनेक कारणे सांगितली जातात. पतंग रात्री फुलणाऱ्या फुलांचे परागण करतात. वटवाघळे, रातवे आणि पक्ष्यांची पिले त्यांच्यावर वाढतात. गडचिरोली, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या भागांत ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशमाच्या अळ्या पाळून पिढ्यान्‌पिढ्या संसार करणारी धीवर कुटुंबे आहेत. त्यांचा अन्नदाता एक पतंगच आहे.

समाधानाची गोष्ट ही की या दुखण्याचा उपाय फार सोपा आहे. नदीत मिसळलेले विष काढावयास वर्षे लागतात, तुटलेले रान वाढावयास पिढ्या लागतात. परंतु अनावश्यक दिवा मालविला की त्याच क्षणी काळोख परत येतो. दिवेच नकोत, असे मी म्हणत नाही. विंचवाकाट्याच्या वाटेवर दिवा हवाच. पण त्याला वरून झाकण असावे, त्याचा उजेड खाली पायांपुरता पडावा, तो निळसर पांढरा नसून पिवळसर असावा, आणि गाव झोपल्यावर तो विझावा किंवा मंद व्हावा. हे अशक्य नाही. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्रप्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी परिसरातील गावांचे रस्त्यांवरील दिवे बदलून त्यांचा प्रकाश जमिनीकडे वळविण्यात आला. तेथे आता तारे पाहावयास लोक जातात. ताऱ्यांसाठी केलेली ही सोय पतंगांच्याही उपयोगी पडते.

आपण इंदूरला असा, बडोद्याला असा, हैदराबादला किंवा दिल्लीला असा, पतंग पाहण्यासाठी सह्याद्रीतच यावे लागते असे नाही. पहिला पाऊस पडून गेल्यावरच्या एखाद्या काळोख्या रात्री गच्चीवर एक पांढरे वस्त्र ताणून त्यापुढे तास-दोन तास दिवा लावा आणि मुलांना जवळ बसवा. जुलैच्या अखेरच्या आठवड्यात जगभर पुष्कळ लोक हेच करतात. २०१२ पासून तो ‘पतंग सप्ताह’ म्हणून पाळला जातो. जे येतील त्यांची चित्रे काढा, रंग टिपून ठेवा, तारीख लिहा. चहाच्या मळ्यांचे काम पाहण्यासाठी निलगिरीत आलेल्या जॉर्ज हॅम्पसन यांना तेथेच पतंगांचा नाद लागला, आणि त्यातून पुढे १८९२ ते १८९६ या काळात भारतातील पतंगांवरचे चार खंड तयार झाले. आपल्या घरातील एखाद्या मुलाला असाच नाद लागला तर ज्या पाखरांना आपल्या भाषेत अद्याप नाव नाही, त्यांना तो नावे देईल.

मात्र पाहून झाल्यावर तो दिवा आठवणीने मालवा, आणि पाहुण्यांना त्यांच्या वाटेने जाऊ द्या.